आगाशेसाहेबांच्या खोलीतली शांतता

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

दिवाळी संपली आणि आज मी कोथरूडकर झालो. राहायला विश्रांतवाडीतच, पण धंद्याचा पत्ता कोथरूडचा. कार्डावर काय भारदस्त दिसतो! पुसदहून पुण्यात उतरलो तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्यात भोंगा. वराती, गणपतीचे मांडव, निवडणुकीच्या रिक्षा, मग हिंजवडीच्या कंपन्यांचे वार्षिक सोहळे, असं करत करत आवाजाच्या जिवावर घर उभं केलं. आता सगळे मोठे स्पीकर मेहुण्याच्या गळ्यात घालून मोकळा झालोय. आजवर लोकांच्या कानठळ्या बसवल्या, आता त्यांच्या कानात हळूच बोलायचं.

जागा फक्कड आहे. तळमजल्याच्या दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, गल्ली बंद असल्यामुळे वाहनं नाहीत. वरच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्या राहतात, विजयमाला आगाशे. किल्ली देताना त्यांनी विचारलं, नक्की करणार काय आहात. मी म्हटलं, पॉडकास्ट. लोक ब्लॉग लिहितात, ते आम्ही वाचून रेकॉर्ड करतो, मग ज्याला पाहिजे त्याने मोबाईलवर पाहिजे तेव्हा ऐकावं. त्या म्हणाल्या, म्हणजे रेडिओच, फक्त कोण ऐकतंय ते माहीत नसलेला. मी म्हटलं, रेडिओवाल्यांना तरी कुठे माहीत असतं? तर म्हणाल्या, नसेल, पण ते आमच्या घरात भाड्याने राहत नव्हते.

बाई आवडल्या आपल्याला.

कुठल्याही जागेत गेलो की मी आधी टाळी वाजवतो, जुनी खोड आहे. टाळी परत कशी येते त्यावरून जागेचा स्वभाव कळतो. फरशीची रिकामी खोली टाळी थोबाडीत मारल्यासारखी परत करते. मागच्या खोलीत फरशी आहे, चार उघड्या भिंती आहेत, एक खिडकी. टाळी वाजवली. परत आलीच नाही. उघड्या माळावर वाजवावी तशी गेली ती गेली. पुन्हा वाजवून पाहिली, तेच. लोक भिंतींना फोम चिकटवून चिकटवून जी खोली तयार करतात ती मला आयती मिळाली. नशीब म्हणतात ते हेच.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिलं रेकॉर्डिंग झालं.

पुण्यात ज्याला त्याला काहीतरी सांगायचंय आणि वाचायला कुणालाच वेळ नाही. लोकांचे डोळे भरून गेलेत, पण कान बघा! पोळ्या लाटणाऱ्या बाईचे कान रिकामे, स्कूटरवर हेल्मेटमध्ये रिकामे, कंपनीच्या बसमध्ये तास तास बसणाऱ्या पोरांचे रिकामे. कान म्हणजे भर वस्तीतला मोकळा प्लॉट. तिथे आधी जो पत्र्याची शेड टाकेल त्याची जागा. सध्या गिऱ्हाइकं दोनच आहेत. वारज्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक बाल्कनीतल्या बागेवर लिहितात, आणि एक आहारतज्ज्ञ बाई आपण काय काय खाऊ नये ते लिहितात. सुरुवात म्हणून ठीक.

आवाज नाजिमाचा. मैनुद्दीन आणि मी एकाच टेम्पोतून भोंगे वाहिलेली माणसं. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या भवानी पेठेत, मी उपरा. पुणं मला त्यानेच शिकवलं. नाजिमा त्याची धाकटी, मराठीत एम.ए. झालेली. आवाज असा की बँकेचा नियम वाचून दाखवला तरी माणूस ऐकत बसेल. सकाळी बाप स्कूटरवरून सोडायला आला आणि म्हणाला, नागोभाऊ, आवाज तुला दिला, पोरगी नाही दिली, वेळेवर घरी पाठवत जा.

माझी कामाची रीत अशी. माणूस वाचताना मध्ये मध्ये श्वास घेतो आणि माइक तो पकडतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शब्द डोंगरांसारखे दिसतात आणि दोन डोंगरांच्या मध्ये श्वास, बारीक सुरवंटासारखा. तो सुरवंट धरायचा, कापायचा, टाकून द्यायचा. नुसतं कापलं तर तिथे भोक पडतं आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. म्हणून त्या जागी खोलीची शांतता भरायची. खोलीत कुणी नसताना माइक चालू ठेवून ती आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली असते. या धंद्यात सगळेच हे करतात, पण बाकीचे चार-दोन मोठे श्वास काढतात. मी एकही ठेवत नाही. पुढाऱ्यांचं माइकवरचं हाश्शहुश्श ऐकून ऐकून मला श्वासाची चीडच आहे.

ऐकून नाजिमा हसली. म्हणाली, काका, लोकांना वाटेल ही बाई मेलेली आहे. मी म्हटलं, नाही गं, वाटेल की ही थकतच नाही.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

आज आगाशेबाई खाली आल्या. मला वाटलं, आवाजाची तक्रार. त्या म्हणाल्या, आवाज येत नाही म्हणूनच बघायला आले, जिवंत आहात ना? मी त्यांना हेडफोन लावून मुख्याध्यापकांचा ‘कढीपत्ता का रुसतो’ हा भाग ऐकवला. डोळे मिटून सगळा ऐकला. मग विचारलं, मुलगी श्वास कधी घेते? मी कापाकापी दाखवली. त्यांनी विचारलं, कापलेले कुठे जातात? मी म्हटलं, कुठे जाणार, कचऱ्यात.

बाईंनी पडद्यावरच्या एका सुरवंटावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, आमच्याकडे उलटं होतं.

त्यांचे यजमान दत्तप्रसाद आगाशे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गडी बोलका. फाटकाशी उभे राहिले की ओळखीचे लोक पलीकडच्या गल्लीने जायचे. मग फुप्फुसं आखडली. वाक्य सुरू करायचे आणि शेवटाला पोचायच्या आत दम संपायचा. बाई म्हणाल्या, दोन वर्षं मी त्यांच्या वाक्यांचे शेवट ओळखत बसले, आणि बहुतेक चुकीचे. बोलता येईना म्हणून साहेब टाइप करायला लागले. ब्लॉग काढला. तो फक्त बाई वाचायच्या आणि अमेरिकेतला कुणीतरी एक, तोही बहुधा रस्ता चुकून आलेला. गेले ते मागच्या खोलीतच. शेवटी बाईंकडे बघून काहीतरी म्हणायला लागले, तेही अर्धंच राहिलं.

पुण्यातल्या कुठल्या घरात कुणी गेलेलं नाही? मला त्याचं काही वाटत नाही. बाई म्हणाल्या, वाचायला कुणी आलं नाही, ऐकायला येतात का बघता? मी हो म्हटलं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आगाशेसाहेब लिहायचे मात्र फर्मास! गाडी मागे घेताना हात दाखवणाऱ्या उपटसुंभांवर, ‘उद्या या’ म्हणणाऱ्या कारकुनावर, शेजाऱ्याच्या फणसावर. आणि वाक्यं? एकेक वाक्य अर्धं पान. तोंडाने जमेना ती सगळी लांबी त्यांनी बोटांनी वसूल केली. नाजिमाची दमछाक झाली. एका वाक्यात चार चार ठिकाणी थांबून श्वास घ्यावा लागत होता. मी ते सगळे काढून टाकले. आता ऐकताना वाटतं की अर्धं पान कुणीतरी एका दमात बोलून गेलं.

बाईंना ऐकवलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

७ डिसेंबर, शुक्रवार

चाललं! नुसतं चाललं नाही, धावत सुटलंय!

युक्ती माझीच. लोक आमच्या साइटवर जायचा कंटाळा करतात, म्हणून मी आगाशेसाहेबांच्या फायली थेट व्हॉट्सॲपवर सोडल्या आणि शेवटी नाजिमाला म्हणायला लावलं, आवडलं तर पुढे पाठवा, नाही आवडलं तर शत्रूला पाठवा. पुणेकरांनी दोन्ही केलं. सोसायट्यांचे ग्रुप, भिशीचे ग्रुप, कंपन्यांच्या बसेस, सगळीकडे साहेब. साइटचा आलेख बघत बसावासा वाटतो. सकाळी बसेस सुटायच्या वेळी एक उंचवटा, संध्याकाळी परतीच्या वेळी दुसरा, उंटाच्या पाठीसारखा. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतून फोन आला, आमच्या लोकांचे ब्लॉगही असेच करून द्याल का. आगाशेबाईंनी पेढे आणले आणि म्हणाल्या, यजमानांना लोक इतका वेळ गप्प बसून ऐकतायत, हे त्यांना खरंच वाटलं नसतं.

एक मेसेज विचित्र आहे. कुणा अनोळखी गृहस्थांनी लिहिलंय, मुलगी छान वाचते, पण तिच्या शेजारी ते जे आजोबा बसतात त्यांना माइकपासून जरा लांब बसवा.

हसलो. मग दार लावून नीट ऐकलं.

मांडवात माझी हयात गेली. रिकाम्या मांडवाची शांतता आणि हजार माणसं गप्प बसलेल्या मांडवाची शांतता यांत फरक असतो. आवाज दोन्हीकडे नसतो. तरी डोळे बांधून नेलं तर मी सांगेन कुठली कुठली. नाजिमाच्या दोन शब्दांच्या मध्ये मी भरलेली खोलीची शांतता रिकाम्या मांडवाची होती. मी स्वतः रेकॉर्ड केली होती, कुणी नसताना.

आज ऐकली तेव्हा ती रिकामी वाटली नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

शांतता नव्याने रेकॉर्ड करायचं ठरवलं. जुनी फाईल बिघडली असेल, होतं असं. नाजिमाला जेवायला पाठवलं. मागच्या खोलीत माइक ठेवला, खिडकी लावली, दाराला बाहेरून कडी घातली आणि भर दुपारी पायरीवर उन्हात हेडफोन लावून बसलो. पेरूवर पोपट ओरडत होते, तेही आत ऐकू येत नव्हते.

थोडा वेळ काहीच नाही.

मग एक श्वास. आत घेतलेला. बारीक, घाईतला, वाचता वाचता घेतात तसा.

बाहेर सोडल्याचा आवाज आला नाही. आणखी एक. पुन्हा आतच.

मी उठून कडी काढली. खोली रिकामी. माइक, खुर्ची, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मागाहून टांगलेल्या गोधड्या. बस.

भ्यालो ते नंतर, परत ऐकताना. श्वास ओळखीचे होते. इतके दिवस मी ते एकेक करून धरले, कापले, टाकले. माणसाचा चेहरा ओळखावा तसे मी ते ओळखतो. पहिला, ‘कारकून’ शब्दाच्या आधीचा. दुसरा फणसाच्या भागातला, जिथे तिला हसू आलं होतं.

नाजिमाचे.

१४ डिसेंबर, शुक्रवार

नाजिमाला धाप लागतेय. कालपासून नाही, आधीपासून. माझंच लक्ष नव्हतं. बसस्टॉपपासून चालत आली की उंबऱ्याशी थांबते, पाणी मागते, मग हसते आणि म्हणते, काका, म्हातारी झाले. आज एका साध्या वाक्यात तीनदा थांबली. मैनुद्दीनने डॉक्टरला दाखवलं. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, डॉक्टर म्हणाला हवा बदला. मैनुद्दीन फोनवर म्हणाला, हवा बदलायला आता काय हिला महाबळेश्वरला दुकान काढून देऊ? पण आवाजात मस्करी नव्हती.

मी स्वतःला सांगितलं, डिसेंबरची थंडी, बांधकामांची धूळ. सॉफ्टवेअर कंपनीची माणसं सोमवारी येणार आहेत. आठवड्याचा भाग द्यायलाच हवा होता. म्हणून आज तिचं रेकॉर्डिंग घेतलं. ती जास्त थांबली, म्हणून श्वास जास्त. श्वास जास्त, म्हणून मला कापायला जास्त.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

बाई हल्ली दुपारी मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. विणकाम मांडीवर असतं. विणत नाहीत.

१७ डिसेंबर, सोमवार

कंपनीच्या माणसांना परत पाठवलं. जागा दुरुस्तीला काढलीय म्हणून सांगितलं. नाजिमाला सुट्टी दिली, येऊ नको म्हटलं.

मूळ रेकॉर्डिंगं उघडली. न कापलेली, जशी वाचली तशी. श्वास परत त्यांच्या जागी बसवायचे, एवढंच डोक्यात होतं.

त्यात श्वास नाहीत.

मी हातही न लावलेल्या फायली. डोंगर आहेत, सुरवंट नाहीत. जिथे ते होते तिथे सपाट शांतता आहे. खोलीची. ती कानाला लावली तर कुणीतरी ऐकत बसलंय. तोंड उघडं ठेवून. आता बोलणार, आता बोलणार, असं.

१८ डिसेंबर, मंगळवार

मैनुद्दीनला फोन केला. पोरीला त्रास नक्की केव्हा होतो ते विचारलं. तो म्हणाला, सकाळी, पोरं कामावर जायच्या वेळी धाप लागते, खाटेवर उठून बसते. दुपारी कमी. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी परत. आणि रविवारी ठीक होती, बिर्याणी खाल्ली, भावाशी भांडली.

माझ्यासमोर साइटचा आलेख उघडा होता. सकाळचा उंचवटा. संध्याकाळचा. रविवार सपाट, रविवारी बसेस नसतात.

वाक्य चालायला श्वास लागतो. मी तो कापला म्हणून लागायचा थांबत नाही. जितके लोक ऐकतात तितक्या वेळा ते वाक्य पुन्हा चालतं, आणि तितक्या वेळा तो कुठून तरी भरावा लागतो.

तिच्यातून भरला जातोय. आणि जातोय कुठे ते आता मला — मागच्या खोलीत आज कुणीतरी खाकरलं. घसा साफ केला, भाषणाआधी करतात तसा.

१९ डिसेंबर, बुधवार

साइटवरचं सगळं उडवलं. साहेबांचा एकेक भाग. उंचवटे कोसळले.

तरी संध्याकाळी मैनुद्दीनचा फोन. आज जास्त. ओठ निळसर.

व्हॉट्सॲप! साइट उडवली, पण फायली लोकांच्या फोनमध्ये आहेत. मीच सोडल्या. आवडलं तर पुढे पाठवा, नाही आवडलं तर — आज किती जण ऐकतायत ते मला आता दिसतही नाही. वाऱ्यावर गेलेला आवाज परत कसा बोलवायचा? ग्रुपवर मेसेज टाकले, फायली खराब आहेत, काढून टाका. एकाने लिहिलं, आम्हाला बऱ्या ऐकू येतात, आपले कान तपासा.

बाईंना सांगितलं. सगळं, हात जोडून. मला वाटलं हसतील. त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही टाकून दिलंत, त्यांनी उचललं. त्यात चोरी कसली? मी म्हटलं, बाई, पोरगी मरेल. त्या दाराकडेच बघत होत्या. म्हणाल्या, काल ते ‘विजू’ म्हणाले. अजून थोडा दम हवाय. मला काय सांगत होते ते एकदा पुरतं ऐकू द्या, मग बंद करा सगळं.

पुढे म्हणाल्या, मीही रोज पाठवतेय हो लोकांना. नातेवाईक बरेच आहेत आमचे.

२० डिसेंबर, गुरुवार

ससूनला गेलो. नाजिमाच्या नाकाला नळी. नळीतली हवा जाते, पण तिला पुरत नाही, डॉक्टर डोकं खाजवतायत. मला बघून काहीतरी म्हणायला लागली. काका, ते फणसाचं — इतकंच. दम संपला. पुढचं मला ओळखता आलं नाही.

मैनुद्दीन व्हरांड्यात बसला होता. माझा हात धरला. त्याला काही माहीत नाही. तो म्हणाला, नागोभाऊ, तू आलास, बरं वाटलं.

२१ डिसेंबर, शुक्रवार

रात्रभर एकच हिशोब. ऐकणं थांबवता येत नाही. पण ऐकणाऱ्याला दुसरं ऐकायला देता येतं. धंद्याचं हे एवढं तर मला कळतं! गिऱ्हाईक तेच, माल बदलायचा. जुनी फाईल पुसा म्हटलं तर कुणी पुसत नाही. नवी, मोठी, फुकट दिली की जुनी आपोआप मागे पडते.

साहेबांचे सगळे भाग पुन्हा रेकॉर्ड करायचे. माझ्या आवाजात. त्याच खोलीत. आणि श्वास कापायचे. माझे.

माझी छाती भोंगा उचलून उचलून झालेली आहे. पुरेल.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कुणाचेही चालतील. आणि दार उघडून दिलं.

२४ डिसेंबर, सोमवार

सगळे भाग झाले. खोलीत बसून वाचताना समोर खुर्ची ठेवावी लागली. कुणी सांगितलं नाही. ठेवावी वाटली.

साहेबांनी कुठेच न छापलेला एक भागही त्यांच्या कॉम्प्युटरवर सापडला, तो सगळ्यांत पुढे लावला, वर लिहिलं, आजवर न ऐकलेले आगाशे. पुणेकर त्याला नाही म्हणायचे नाहीत. सगळ्या ग्रुपवर सोडला. बाईंच्या नातेवाइकांनाही.

लगेच प्रतिक्रिया. आधीची मुलगी बरी होती. हे गृहस्थ पुसदकडचे दिसतात. एकदा खोकून घ्या. पण ऐकतायत. ऐकतायत!

२६ डिसेंबर, बुधवार

सकाळी बसेस सुटल्या तेव्हा कळलं. पायरीवर होतो. छातीतून कुणीतरी दोरी ओढावी तसं. दुखत नाही. फक्त घेतलेला श्वास पोचत नाही — मध्येच कुणी घेतो.

मैनुद्दीनचा फोन. नळी काढली. पोरगी चहा मागतेय, बिस्किटं कसली आणली म्हणून बापाला बोलतेय.

खूप हसलो. हसणं महाग पडलं. अर्धा तास — नको, मोजत नाही.

२७ डिसेंबर, गुरुवार

घरून बायकोचा फोन, घरी या. काय सांगू. इथून उठलो तर बरं वाटेल असं नाही. ते माझ्याबरोबर येतं. ऐकणारे सगळीकडे आहेत — येरवडा, हडपसर, पार कुठे कुठे.

जिना नको. पाणी सावकाश. लिहायला दम लागत नाही. साहेब बरोबर होते त्यात.

मागच्या खोलीत तो बोलतो. आवाज भारी, जाड. मध्ये मध्ये माझाच श्वास ऐकू येतो. माझा — भोंगा खांद्यावर घेताना घ्यायचो तो. बाई दाराशी. त्यांनी हात वर केला — गप्प बसा. मी कुठे बोलतोय.

२८ डिसेंबर, शुक्रवार

दुपार. बोलला. पुरतं बोलला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, न थांबता. मी इथे, बाहेरच्या खोलीत, सगळं ऐकलं. माझे कान —

फणसाबद्दल होतं. शेजाऱ्याच्या. कुंपण कुणी बांधायचं. फक्त तेवढं.

बाई बाहेर आल्या. चेहरा पांढरा. म्हणाल्या, हे नव्हतं. त्या दिवशी डोळ्यांत होतं ते हे नव्हतं. मग म्हणाल्या, आता थांबवा.

आत तो दुसरं वाक्य बोलायला लागला. मग तिसरं. बाईंनी दार लोटलं. दारातून तरी येतंय.

थांबवा म्हणे. मी — कसं —

३० डिसेंबर, रविवार

आज तरी बसेस नाहीत. तरी ओढतोय. लोक घरी बसून — सुट्टीत — न ऐकलेले आगाशे.

बाई बॅग घेऊन गेल्या. बहिणीकडे. फाटकाशी म्हणाल्या, तो मला हाक मारत नाही आता. कुणालाच नाही. नुसता बोलतो.

बोलतोय. पूर्णविराम येत नाही. गोधड्या सगळ्या दाराला लावल्या. कानात बोटं. उपयोग — माझे कान मेले का नाहीत —

एक विचार. माझा संपला की मग? परत तिच्याकडे — जुन्या फायली असतीलच कुणाच्या तरी — म्हणून पुरवून. हळू. थोडा थोडा. बसून राहायचं. हलायचं नाही. जितके दिवस मी, तितके दिवस ती.

३१ डिसेंबर, सोमवार

सकाळ. बसेस.

अक्षर लागत नाही. तरी —

फोन वाजला. मैनुद्दीन नाही. नाजिमा. म्हणाली, काका, अब्बा मला मटकी खायला घालून घालून मारणार आहेत, पुढच्या सोमवारपासून मी कामाला येते आणि या वेळी ते आजोबांचं काहीतरी अर्धं पानभर वाक्य दिलंत ना, तर बघा, मी ते एका दमात वाचून दाखवते, पैज लावा!

एका दमात बोलली. सगळं. मध्ये कुठेही —

मला सांगायचं होतं, येऊ नको. इथे कधीच. वाचू नकोस त्याचं, आणि कुणी पाठवलं तर उघडू —

तोंड उघडलं. नाही आलं. ती हॅलो, हॅलो. काका, ऐकताय ना? मग हसली, म्हणाली, नेटवर्क गेलं, मी येतेच तिकडे, आत्ताच निघते.

लिहून पाठवतो. फोनवर. दोन शब्द. बोटं — येऊ न